बाबांच्या गाडीचा दुसरा कॅलिपर

तलासरीच्या आमच्या घराच्या भिंती कुडाच्या होत्या, पण कूड कधी दिसत नसे. संघटनेची उरलेली पत्रकं आई खळ लावून आतून चिकटवायची, म्हणजे थंडीत फटींतून वारा येत नाही. गुलाबी, पिवळी, फिकट हिरवी. एका थराची शाई उडाली की त्यावर दुसरा. ताप येऊन अंथरुणात पडले की समोर वनजमिनीचे दावे, रेशनचं धान्य, रोजगार हमीची मजुरी असं सगळं वाचत पडायचं. मी वाचायला शिकले ती त्या भिंतीवर. शाळेतल्या पुस्तकात कमळ होतं, बदक होतं, पण कोणाची काही मागणी नव्हती, त्यामुळे ते मला जरा अळणी वाटायचं.

बाबा संघटनेचे कार्यकर्ते. डोंगराकडच्या पाड्यांवर मोटरसायकलने जायचं आणि पत्रक वाचून दाखवायचं, हे त्यांचं काम. नुसतं वाटायचं नाही. "वाचून न दाखवता दिलेलं पत्रक म्हणजे चुलीला कागद," असं ते म्हणत. पाड्यावर पोचले की गाडी झाडाखाली लावायची, बायका पाणी भरून येईपर्यंत थांबायचं, मग गाडीला टेकून वाचायला सुरुवात. छापलेली मराठी दोन ओळींनंतर पाड्याच्या बोलीत शिरायची. कोणी मध्येच विचारलं की थांबायचं, उत्तर द्यायचं, कधी त्यावरून अर्धा तास वाद घालायचा आणि मग पुन्हा तिथूनच पुढे. मी लहान असताना पेट्रोलच्या टाकीवर बसून जायची, मोठी झाल्यावर मागे, मांडीवर गठ्ठा घेऊन. आता फोनवर संदेश येतात, पुढे ढकलले जातात, आणि कोणीही कोणाला मध्येच थांबवून "म्हणजे काय रे?" असं विचारत नाही. मला ते झाडाखालचं वाचन आठवतं आणि चीडही येते. इतकी चांगली गोष्ट आपण इतक्या सहज कशी जाऊ दिली?

तर ही मोटरसायकल. तिच्याबद्दल सांगण्याआधी बाबांच्या हाताबद्दल सांगितलं पाहिजे.

मी डहाणूच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते, म्हणजे २०१६. मोर्चाच्या झेंड्यांसाठी बांबू तासताना बाबांचा कोयता निसटला आणि उजव्या मनगटातली शीर तुटली. डॉक्टरांनी हात वाचवला. पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुठीत वळेना, आणि उरलेल्या दोन बोटांत पहिल्यासारखा जोर राहिला नाही. जेवता यायचं, लिहिता यायचं, नांगरही धरता यायचा. अडायचं ते एकाच ठिकाणी. मोटरसायकलचा पुढचा ब्रेक उजव्या हाताने दाबायचा असतो. गाडी पळवायला मूठ नुसती फिरवली की झालं, त्याला काही ताकद लागत नाही. थांबवायला लागते. गाड्या बनवणाऱ्यांनी जो माणूस डोळ्यांसमोर धरला आहे तो दोन्ही हातांनी धडधाकट आहे, आणि आमच्याकडे शेतात, भट्टीवर, गिरणीत काम करणाऱ्या माणसांची बोटं मोजायला घेतलीत तर असा माणूस शोधावाच लागेल. यावर मी तेव्हाही तावातावाने बोलायची, आजही बोलते.

काही दिवस बाबांनी पायाच्या मागच्या ब्रेकवर निभावलं. मग उधवा गावाच्या पुढच्या उतारावर, खडीवर, मागचं चाक सरकलं. मी मागे होते. गाडी आडवी होत होत करवंदीच्या जाळीत शिरली. आम्हाला ओरखड्यांपलीकडे काही झालं नाही, पण पत्रकांचा गठ्ठा सुटून उतारभर पसरला. बाबा आधी पत्रकं गोळा करायला धावले, मग माझ्याकडे बघितलं. हे मी घरी सांगितलं नसतं, पण आईला माझ्या केसांत करवंदीचे काटे सापडले.

आई अंगणवाडीत मदतनीस होती. बोलायची कमी, पण एकदा बोलली की त्यावर ठराव मांडता येत नसे. तिने त्या संध्याकाळी गाडीची किल्ली स्वतःच्या बटव्यात ठेवली.

संघटनेतल्या लोकांनाही कळलं. ते घरी आले, चहा प्याले आणि प्रेमाने म्हणाले, "तुम्ही आता तलासरीचं कार्यालय सांभाळा. पाड्यांवर तरुण पोरं जातील."

कार्यालय म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि चहाची किटली. ते गेल्यावर बाबांनी ओटीवरचे चहाचे पेले उचलले. मग आत येऊन म्हणाले, "मी कुलूप उघडायला आणि लावायला संघटनेत आलो नाही."

"मग काय जीव द्यायला आलात?" आई.

"गाडी थांबवण्याचा काही तरी मार्ग असेल."

"असेल तर करा. मी मागे बसेन. त्याच उतारावर. मी म्हणेन तिथे थांबली तर किल्ली तुमची. नाही थांबली तर उद्यापासून कार्यालय, आणि मग त्यावर चर्चा नको."

बाबांनी ते मान्य केलं. आयुष्यात इतक्या वाटाघाटी केलेला माणूस, पण या वेळी एकही दुरुस्ती सुचवली नाही.

मार्ग सापडला तो डहाणू रोडला लागून असलेल्या मसोलीत, काकांच्या गॅरेजमध्ये. काका म्हणजे बाबांचे जुने दोस्त, मोटरसायकलचे मिस्तरी. घरात गुजराती बोलायचे, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि संतापले की दोन्ही एकत्र. त्यांचा झेंडा वेगळा होता, बाबांच्या अगदी उलट. एकाही निवडणुकीत दोघांनी एका चिन्हावर शिक्का मारला नाही, बटणं आली तेव्हा एकच बटणही दाबलं नाही. पण बाबांच्या गाडीला दुसऱ्या कोणाचा पाना लागलेला काकांना चालत नसे.

गाडी टेम्पोतून तिथे नेली, किल्ली आईने काकांपुरतीच दिली. काकांनी बाबांचा हात उलटा-सुलटा करून बघितला, गाडीचा ब्रेक स्वतः दोन बोटांनी दाबून बघितला आणि म्हणाले, "पुढारी, तुझ्या हातात जोर वाढणार नाही. मग ब्रेकमध्ये वाढवू. पुढे एक डिस्क आहे, दोन करू. दोन्ही बाजूंनी चाक धरलं की अर्ध्या जोरात काम होईल."

डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी पोलादी थाळी, आणि कॅलिपर म्हणजे तिला दोन्ही अंगांनी चिमटीत धरणारा भाग. आपण मुठीजवळची ब्रेकची दांडी दाबतो, तेल ढकललं जातं आणि चिमटा आवळतो. काकांनी वापीच्या भंगार बाजारातून एका मोठ्या गाडीचं पुढचं चाक आणि त्याला दोन्हीकडून धरणारे दांडे आणले, दोन थाळ्यांसह. एका बाजूचा कॅलिपर शाबूत होता. दुसरा अपघातात फुटलेला, म्हणून तो वेगळ्याच गाडीचा घेतला. तो या दांड्यावर सरळ बसेना. त्यासाठी डहाणू रोडच्या लेथवाल्याकडून एक जाड पट्टी तयार करून घेतली. पट्टी दांड्याला, कॅलिपर पट्टीला, आणि मध्ये लागतील तितके वायसर, म्हणजे लोखंडी कड्या, घालून कॅलिपर डावीउजवीकडे सरकवायचा, की थाळी चिमट्याच्या बरोबर मधोमध यावी.

सगळं काम त्या 'बरोबर मधोमध'मध्ये होतं. काकांनी आम्हाला बजावून सांगितलं. दोन चिमटे झाले म्हणजे त्याच थोड्या तेलात आता दोघांना ढकलायचं. दांडी हलकी होईल, पण लांबवर दाबावी लागेल. चिमटा जरा वाकडा बसला तर तो आधी थाळीलाच एका बाजूला वाकवत बसेल, आणि दांडी मुठीला टेकली तरी गाडी थांबायची नाही. "मग एक होता तोच बरा, असं म्हणशील."

भातकापणी संपली होती. आम्ही एका रविवारी सकाळीच मसोलीला पोचलो. खाडीकडून धाकट्या डहाणूच्या वाळत्या बोंबलांचा वास येत होता, आणि गॅरेजसमोरच्या बाकावर दोघं-तिघं रिकामटेकडे आधीच बसले होते, कारण काका काय करतायत हे बघणं हीच त्यांची रविवारची करमणूक. त्यांतला एक, लांब मिशीवाला, आल्या आल्याच म्हणाला, "पुढाऱ्याला आता दोन-दोन ब्रेक! सरकार घाबरणार."

आता काकांच्या कामाची एक रीत सांगते. थाळी आणि कॅलिपरमधली फट मोजायला त्यांच्याकडे व्हर्नियर होता, पण तो बहुतेक वेळा लेथवाल्याकडे गेलेला असे. काकांना त्याची खंत नव्हती. त्यांच्या गॅरेजात पक्षाच्या पत्रकांचा ढीग असायचा. चकचकीत, दोन्ही बाजूंनी रंगीत, हात जोडलेल्या फोटोंची. वाटायला म्हणून यायची, आणि काका ती बाकावर ठेवून द्यायचे. ज्याला हवं त्याने न्यावं, उरलं ते त्यांचं. त्यावर हात पुसायचे, ग्रीस ठेवायचे, भजी ठेवायचे आणि मापही घ्यायचे. पत्रकाची घडीवर घडी घालायची, पाच घड्यांची जाड चकती करायची, ती फटीत सारायची. दोन्ही बाजूंना सारखीच घट्ट बसली की मधोमध. इतकं सोपं. आणि ते चालतही असे.

काकांनी वरच्या दोन पत्रकांना हात घातला तोच बाबा म्हणाले, "माझ्या गाडीत तुझं पत्रक जाणार नाही."

"अरे भाई, मोजायला घेतोय. प्रचार करत नाही."

"मोजायलाही नको."

"मग तुझं दे."

गठ्ठा होता बरोबर. सोमवारी पाड्यांवर न्यायचा म्हणून छापखान्यातून उचललेला, रोजगार हमीच्या मजुरीचा. बाबांनी तो उघडला, एक पत्रक काढलं आणि हातातच धरून राहिले. मला त्यांचा पेच दिसत होता. ज्या कागदाला घरात पाय लागला तर आम्ही नमस्कार करायचो, तो ग्रीसमध्ये घालायचा?

"एक देतो," ते म्हणाले. "एकच. फेकायचं नाही, काम झालं की परत द्यायचं."

"आणि दुसऱ्या बाजूला काय घालू? तुझा शब्द?"

बाकावर हशा पिकला. काका चिडले. त्यांनी स्वतःचं चकचकीत पत्रक उचललं, पाच घड्या घातल्या आणि बाहेरच्या अंगाने फटीत सारलं. "बाहेरची बाजू माझी. आतली तुझी. मंजूर?"

बाबांनी आपल्या पत्रकाच्या पाच घड्या घातल्या, चाकाच्या आतल्या अंगाने हात घालून ते थाळीपाशी सारलं. "मंजूर."

काकांनी एक वायसर काढला, एक घातला, आणखी एक काढला. दोन्हीकडची चकती सारखी घट्ट बसेपर्यंत. "बस्स. घट्ट?"

"घट्ट."

"इथेही घट्ट. मधोमध."

ही चूक त्या दोघांखेरीज जगात कोणी केली नसती. पण त्या वेळी गॅरेजात कोणालाच ती दिसली नाही, मलाही नाही. मी उलट मनात म्हणत होते की काय छान, एकाच गाडीत दोन्ही बाजूंना जागा मिळाली.

बोल्ट आवळले, चकत्या काढून बोल्टांच्या ताटलीत टाकल्या, तेल भरलं, हवा काढली. काकांनी चाक हाताने फिरवलं. चाक फिरलं, पण एका ठिकाणी खर्र करून घासत होतं. "ब्रेकचं पॅड नवीन आहे, घासून बसेल," ते म्हणाले आणि गाडी घेऊन आगरच्या रस्त्याला लागले. थोड्याच वेळात परत आले ते गाडी ढकलत. थाळी तापून तिला हात लावता येत नव्हता. दांडी मुठीला टेकत होती.

बाबांनी आपली दोन बोटं दांडीवर ठेवली, दाबली. दांडी अलगद आत गेली. काहीच धरलं नाही. त्यांनी पुन्हा दाबली. मग हात काढून घेतला आणि विडी पेटवायला लागले. त्यांनी विडी सोडून बराच काळ झाला होता. ती मिशीवाल्याकडून घेतली.

"लेथवाल्याची पट्टी वाकडी," काका म्हणाले.

"पट्टी सरळ आहे. मी उजेडात धरून बघितली."

"मग तू आतली बाजू ढिली ठेवलीस."

"मी ढिली ठेवली? तुझ्या लोकांना बाहेरून सगळं छान दिसतं, आत काय चाललंय त्याच्याशी देणंघेणं नसतं!"

"बघा, आला मुद्द्यावर! गाडीत राजकारण कोणी आणलं? मी आणलं?"

"तूच. हात जोडलेला फोटो माझ्या चाकात घातलास!"

"तुझी पत्रकं वाचून कोणाची मजुरी वाढली रे आजपर्यंत?"

"तुझ्या पक्षाने अडवली म्हणून!"

एरवी मला असला वाद ऐकायला आवडला असता, मीही त्यात उडी घेतली असती. त्या दिवशी मी नुसती बाबांच्या हाताकडे बघत होते. विडी त्यांनी त्याच दोन बोटांत धरली होती. कार्यालयातलं टेबल मला स्पष्ट दिसायला लागलं, त्यावरची किटली आणि मागे बसलेले बाबा, दारातून आत येणाऱ्यांना "बसा" म्हणणारे.

वादात दोघांनी पुरावा म्हणून आपापली चकती बोल्टांच्या ताटलीतून उचलून एकमेकांच्या नाकासमोर धरली. "पाच घड्या!" "माझ्याही पाचच!" तेव्हा मिशीवाला बाकावरून उठला, दोन्ही चकत्या त्यांच्या हातांतून काढल्या आणि शेजारीशेजारी धरल्या. काकांची चकती बाबांच्या चकतीपेक्षा चांगली जाड होती. त्याने ती दाबून बघितली, मग आधी एकाकडे, मग दुसऱ्याकडे बघितलं.

"पाच आणि पाच," तो म्हणाला. "पण ह्याच्या पक्षाकडे कागदाला पैसा आहे, तुमच्याकडे नाही. एवढंच."

 मग काका हसायला लागले. हसता हसता खाली बसले, पाना हातातून सुटला. बाबा हसले नाहीत, पण त्यांनी विडी विझवली.

"बरं," काका डोळे पुसत म्हणाले. "आता एकच कागद घ्या. दोन तुकडे, पाच-पाच घड्या. कोणाचा, ते तुम्ही बापलेक ठरवा. मी काही बोलत नाही."

बाबा पुन्हा आपल्या गठ्ठ्याकडे बघायला लागले. दोन तुकडे म्हणजे फाडायचं. छापलेलं, न वाटलेलं, कोणी तरी वाचायचं राहिलेलं पत्रक फाडायचं. मी बाबांना ओळखते. त्यांना ते जमलं नसतं, आणि काकांचा कागद त्यांनी घेऊ दिला नसता, आणि दुपार तशीच गेली असती.

माझ्या पिशवीत कॉलेजच्या मुलांनी काढलेलं एक पत्रक होतं. पूर्वेकडच्या गावांतून सकाळी एस.टी. सोडा, एवढी एकच मागणी. मजकूर मी लिहिला होता, माझा पहिलाच. बाबांनी तो वाचून दोन ओळींखाली रेघ मारली होती आणि म्हणाले होते, "इथे रागावलीस ते ठीक. पण गाडी किती वाजता हवी ते लिहायचं राहिलं." खरंच राहिलं होतं. मी ते पिशवीतून काढलं आणि उभं फाडलं.

"अगं, तुझं पहिलं..." बाबा म्हणाले.

"दुसरं छापतोय. वेळ घालून."

काकांनी मघाचे वायसर बदलले. दोन्हीकडे माझ्या कागदाच्या चकत्या सारून बघितल्या, एक पातळ वायसर आणखी काढला. मग थांबले. "अजून एक आहे. मघाशी घाईत विसरलो. गाडी वर उचलून चाकाचा आस आवळला की दोन्हीकडचे दांडे खाली जरा दाबले जातात. वजन पडल्यावर मोकळे होतात, आणि मग मधोमध कसलं नि काय. वजन ठेवूनच आवळायचं. पुढारी, बेसी जा. बस गाडीवर."

बाबा बसले. काकांनी हँडल दाबून बघितलं. "हलका आहेस रे. उपोषणाने अर्धा झालायस. सरक पुढे."

आणि काका बाबांच्या मागे बसले.

हे दृश्य मी विसरणार नाही. मसोलीच्या गॅरेजसमोर भर दुपारी, दोन उलट्या झेंड्यांची पन्नाशीची दोन माणसं एका मोटरसायकलवर एकमेकांना धरून वर-खाली, वर-खाली उड्या मारतायत, गाडीचं नाक दाबलं जातंय आणि उसळतंय, आणि काका ओरडतायत, "थांबू नको! अजून! आता आवळ, मुली, आता!" मी गुडघ्यांवर बसून पाना फिरवत होते. बाकावरच्या एकाने फोटो काढला. "टाकतो दोन्ही पक्षांच्या ग्रुपवर," तो म्हणाला, आणि दोघं एका सुरात ओरडले, "खबरदार!"

पाना आणखी फिरेना. मिशीवाल्याने इंजिनाखाली जॅक लावून पुढचं चाक अधांतरी केलं. मी चाक फिरवलं. मघाशी खर्र करणारं चाक आता आवाज न करता फिरलं, बराच वेळ फिरत राहिलं. बाबांनी गाडीवर बसल्या बसल्या दोन बोटं दांडीवर ठेवली आणि दाबली. चाक जागच्या जागी थांबलं. त्यांनी सोडलं, मी फिरवलं, त्यांनी थांबवलं. असं आम्ही कितीदा केलं कोण जाणे. काका त्यांच्या मागे बसूनच होते, उतरायचं विसरले होते.

परीक्षा मात्र आई घेणार होती, आणि ती उतारावर.

ती पुढच्या सुट्टीच्या दिवशी ठरली. काका आपल्या स्कूटरवरून तलासरीला आले, कारण, ते म्हणाले, नापास झालं तर नाव माझं जाईल. उताराच्या माथ्यावर पोचल्यावर आईने पदर खोचला, पत्रकांच्या गठ्ठ्याऐवजी तेवढ्या वजनाची भाताची गोणी मांडीवर घेतली आणि मागे एका बाजूला पाय सोडून बसली. आम्हाला तिने खाली पाठवलं. उताराच्या मध्यावर एक मोहाचं झाड होतं. "मी तिथे थांबा म्हणणार आहे," तिने आमच्या कानात सांगितलं. "त्यांना सांगू नका."

मी आणि काका मोहाखाली स्कूटर लावून उभे राहिलो. वरचं वळण तिथून दिसत नव्हतं, फक्त आवाज येत होता. गाडी सुरू झाली, गिअर बदलला, आवाज जवळ येऊ लागला. आणि मग वळणाच्या पलीकडेच एकदम थांबला. त्यापाठोपाठ एका बाईचा कर्कश आवाज. आईचा नव्हता.

"गेली," काका म्हणाले. 

आम्ही चढावर धावत सुटलो. काकांना धावायची सवय नव्हती, तरी ते माझ्या पुढे होते. वळण ओलांडलं तर रस्त्याच्या मधोमध लाकडाची मोळी डोक्यावर घेतलेली एक म्हातारी उभी, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर गाडी. सरळ उभी. खडीवर चाकाच्या घसटीची खूणसुद्धा नाही. बाबांची दोन बोटं अजून दांडीवरच होती.

म्हातारी बाबांना झापत होती. "डोळे कुठं ठेवलेस? माणूस दिसत नाही?"

"तूच झाडीतून एकदम आलीस, आजी."

"मी रोज इथूनच येते! तू कुठून आलास?"

काका धापा टाकत आईला म्हणाले, "वहिनी, थांबा म्हणालात का तुम्ही?"

"कुठे वेळ मिळाला म्हणायला?" आई गोणी खाली ठेवत म्हणाली. ती बाबांच्या हाताकडे बघत होती. "ही दिसली आणि थांबलीच. माझी गोणीसुद्धा हलली नाही."

"मग मोहाच्या झाडापाशी..." मी म्हटलं.

"ते राहू दे आता."

 आईने बटवा चाचपला, मग तिच्या लक्षात आलं असावं की किल्ली तर गाडीलाच आहे. तिने म्हातारीच्या डोक्यावरची मोळी उतरवून काकांच्या हातात दिली. काकांनी ती का घेतली हे त्यांना स्वतःलाही कळलं नसेल.

"कुठल्या पाड्यावर जायचं, आजी?"

म्हातारीने हाताने पलीकडचा डोंगर दाखवला.

"मग बसा मागे," आई म्हणाली. "हे तिकडेच निघालेत. घाबरू नका, थांबते यांची गाडी."

म्हातारी कुरकुरत बसली, बाबांच्या खांद्याला घट्ट धरून. गाडी उताराला लागली, मोहापाशी जरा हळू झाली, मग पुढे गेली. मोळी स्कूटरवर बांधून काका त्यांच्यामागे गेले. मी आणि आईने गोणी दोघींत धरली आणि तलासरीची एस.टी. पकडायला उधव्याकडे चालू लागलो. वाटेत आई एवढंच म्हणाली, की सकाळपासून कोणी काही खाल्लेलं नाही, आणि ते दोघं पाड्यावर वाद घालत बसले तर आज भाकऱ्या गार होणार.